अबोलीची रोटी

अबोलीनं अर्धी रोटी खाल्ली आणि ताट सरकवलं. पोट दुखतंय म्हणाली. स्वानंदीनं लेकीच्या फ्रॉकवरून हात फिरवला. पोट पुन्हा टणक फुगलं होतं. तिनं ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि इतके दिवस गिळलेला प्रश्न तोंडातून निघून गेला.

"आई, सच सांगा. तुम्ही हिला लपवून पोळी देता ना?"

वसुधाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या.

स्वानंदीला ते पटलं नाही. अबोलीच्या आतड्याला गहू सोसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून सासूबाई हळहळत होत्या. स्नेहलतागंजातल्या त्यांच्या घरी मिस्सी रोटी पूर्वीपासून व्हायची, पण निम्मं बेसन आणि निम्मी कणीक घालून. आता कणीक गेली. नुसत्या बेसनाची रोटी लाटतानाच फाटायची, तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. वसुधाबाईंनीच उकडलेला बटाटा कुस्करून, गरम पाण्यानं पीठ मळून ती जमवली होती. चक्कीवर गहूही दळतात, म्हणून हरभऱ्याची डाळ त्या घरीच मिक्सरमध्ये दळत. तरी पोरगी सुकत चालली होती. शाळेचा डबा घरचा, बाहेरचं खाणं बंद. मग गहू येतो कुठून? आजीच्या मायेशिवाय दुसरी वाट स्वानंदीला दिसेना.

अबोलीची रोटी यापुढे मी करीन, असं तिनं सांगून टाकलं. तिच्या नवऱ्यानं, समीरनं, आईची बाजू घेऊन पाहिली, पण तिनं ऐकलं नाही. ऑफिसला जायच्या आधी उठून स्वानंदी पीठ मळू लागली. चण्यानं पोटात वारा धरतो, म्हणून ओवा घाली, हिंग तर आधीपेक्षा सढळ हातानं घाली. इकडे वसुधाबाई नातीपासून लांब राहू लागल्या. अबोली वेणीसाठी त्यांच्यापुढे जाऊन बसली, तर आईकडे जा म्हणाल्या. रुसल्यात, रुसू देत, असं स्वानंदीनं मनाशी म्हटलं.

पण दुखणं थांबेना. एका दुपारी शाळेतून फोन आला, अबोलीला उलट्या होताहेत. स्वानंदी तिला घेऊन दवाखान्यात निघाली, तर राजवाडा चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली. पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, कपाळ गार पडलं होतं. आता तर हिच्या पोटात जातं ते सगळं माझ्याच हातचं, हा विचार तिच्या मनात आला.

डॉक्टरांनी तपासलं. घाबरू नका म्हणाले, औषध दिलं. मग रोटीत काय काय पडतं ते विचारलं. डाळ, बटाटा, हळद, मीठ, ओवा, ती सांगत गेली. हिंग म्हणताच त्यांनी वर पाहिलं.

"डिब्बी वाला ना? उसमें अक्सर गेहूं का आटा मिला होता है."

नुसता हिंग फार उग्र असतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ मिसळूनच तो विकतात, असं ते समजावत होते. स्वानंदीला पुढचं ऐकू आलं नाही. पोट फुगलं की ती हिंग वाढवत होती.

घरी येऊन तिनं अबोलीला निजवलं आणि सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हिंग घालायला पहिल्यांदा मीच सांगितलं होतं, तुमच्यावर उगीच आळ घेतला, म्हणाली. त्या रागावतील, निदान दोन शब्द सुनावतील, असं तिला वाटत होतं. वसुधाबाईंनी फक्त पुन्हा विचारलं, पक्कं हिंगच ना? तिनं मान हलवली. तशा त्या लगबगीनं उठल्या, अबोलीच्या पलंगावर जाऊन बसल्या आणि झोपलेल्या पोरीला त्यांनी उचलून छातीशी धरलं.

"तुमच्या पोळ्या रोज मीच लाटते ना गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या हातालाच गहू चिकटून राहतोय. म्हणून हिला जवळ घेत नव्हते."