परराष्ट्रमंत्र्यांचा दौरा

कैरोला बड्या देशाचा परराष्ट्रमंत्री आला, की आमचं सरकार जनाची लाज म्हणून थोडे कैदी सोडतं. माझा भाऊ शिहाब एका व्यंगचित्रापायी तुरुंगात आहे, त्यामुळे आई त्या परक्या मंत्र्याची जावयासारखी वाट बघते. यंदा दौरा ठरला, तशी तिने जेवणासाठी शिहाबच्या आवडीची कबुतरं आणली. त्यांत ती भात भरत असतानाच वकिलांचा फोन आला. तो ठेवून मी सांगितलं, “दौरा रद्द झाला, आई.” “का रे? मेला आजारी पडला?” “ठणठणीत आहे. शस्त्रांचा करार फोनवरच उरकला. दोन्ही सरकारांचं आता इतकं छान जमतंय, की भेटायची गरजच नाही म्हणे.” “आणि शिहाब?” “एवढ्या मैत्रीत कैद्यांची चौकशी कोण करणार?” आईने हात धुतले, नमाजाची चटई अंथरली. “आता काय मागणार?” मी विचारलं. “त्यांचं भांडण होऊ दे,” ती म्हणाली. “छोटंसं. युद्ध नको.”