मुकीला बोलतं करा

"आज तुझं कुलूप काढतोच, राजे," असं म्हणत सुपरवायझरनं डबे खायच्या खोलीचं दार पायानं लोटलं. बाई असो की बुवा, तो सगळ्यांना राजेच म्हणायचा, आणि ते शिवीसारखं लागायचं.

जिला म्हणाला, ती मान खाली घालून आत गेली. या धुलाईखान्यात अकरा वर्षं ती चादरींना इस्त्री करत होती. सगळे तिला मुकी म्हणत. तशी ती मुकी नव्हती. विचारलं तर हो म्हणायची, नाही म्हणायची. एरवी पाण्याकाठच्या झाडासारखी नुसती बघत, ऐकत उभी.

फळ्यावर मालकांनी ठळक लिहिलं होतं : गप्प बसणाऱ्यांना बोलतं करा. दर सोमवारी मीटिंग, प्रत्येकाची एक सूचना. वाचायला किती गोड! पण खोलीतल्या बावीसच्या बावीस जणांना ठाऊक होतं, आज सूचना कोणालाच नको होत्या. आवाज हवा होता.

पंधरा दिवसांपूर्वी पाच नंबरच्या प्रेसनं वाफ ओकली आणि ती चालवणाऱ्या मावशीचा हात कोपरापर्यंत भाजला. "झोपेत काम करते म्हातारी," सुपरवायझर म्हणाला, आणि त्यानं मावशीला घरी बसवलं. त्यानंतर मालकांच्या घरी तीनदा फोन आला. नाव नाही, गाव नाही, नुसता आवाज. तिन्ही वेळा फोन घेतला मालकांच्या थोरल्या बहिणीनं. तिसऱ्या खेपेला तपासणी खात्याचं नाव निघालं, तसे मालक खवळले. "कोण आहे ते शोधा. सापडेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो."

बहिणीला मीटिंगला बसवायची युक्ती सुपरवायझरची.

मालकांनीच तिला हात धरून आणलं, कोपऱ्यात बसवलं. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. मांडीवर लोकर, बोटांत सुया. सुया आपल्या मनानं चालत होत्या.

ड्रायव्हर म्हणाला, गाडीचे टायर गुळगुळीत झालेत. फिटर म्हणाला, पाने कमी पडतात. घडी घालणारी म्हणाली, चहा इतका पातळ असतो की त्यात चादरी खळबळून काढाव्यात. लोक हसले, तशी तिला आणखी धार चढली. ती मुकीची शेजारीण, भिंतीला भिंत लागून.

"खरं तर मुकीला विचारा," ती म्हणाली. "इथं मौन, आणि नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली तरी हिच्या घरातून पुरुषाचा आवाज येतो. रोज संध्याकाळी! भिंतीला कान असतात म्हणतात ना, ते माझेच."

खोली खिदळली. मुकीची मान आणखी खाली गेली.

"ऐकलंत?" सुपरवायझर म्हणाला. "मिटल्या तोंडाची माणसं आतून फार बोलकी असतात. चल, ऊठ, राजे."

कोपऱ्यातल्या सुया थांबल्या.

मालकांनी बहिणीकडे पाहिलं. तिनं हातानंच थोपवलं. "सगळ्यांचं होऊ दे."

मुकी उठली. घरात मिळवणारी ती एकटी, मागं शाळकरी लेक. हे काम गेलं तर दुसरं कुठं आहे, याचं उत्तर ती गेले पंधरा दिवस शोधत होती.

"इस्त्रीच्या खोलीची... वरची खिडकी उघडी ठेवावी. वाफ कोंडते."

आवाज एवढासा. चिमणीनं पाण्याला चोच लावावी आणि उडून जावं, तसा.

सुया पुन्हा चालू लागल्या.

सुपरवायझरला ते सोसलं नाही. टेबलाला वळसा घालून तो थेट तिच्या तोंडाशी आला. "आवाज चोरतेस? फोनवर बरा घसा फुटतो! काढ तुझा खरा आवाज, राजे. आम्हाला काय खुळे समजतेस?"

बहीण उठून उभी राहिली. लोकरीचा गुंडा घरंगळत मुकीच्या पायाशी आला.

"हाच," ती म्हणाली.

"बघा!" सुपरवायझरनं टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं?"

"तुझाच. मघाशीच ओळखला होता, पण कोणावर आळ नको म्हणून थांबले." बहिणीनं आवाजाच्या दिशेनं बोट रोखलं. "'पाच नंबरचा सेफ्टी व्हॉल्व्ह झाकणाआड तारेनं बांधून ठेवलाय, राजे. आणखी कोणाचा हात भाजायची वाट बघताय?' तोच घोगरा घसा, तेच राजे. तीनदा ऐकलाय मी."

"अहो बाई, माझ्याच प्रेसची तक्रार मी कशाला करीन?"

 मालकांनी फिटरला पाठवलं. झाकण निघालं तेव्हा आत तांब्याची तार लख्ख चमकत होती.

"ही तार," मालक म्हणाले, "बांधणाऱ्याशिवाय कोणाला माहीत असणार?"

  फिटरनं पक्कड लावून तार तोडली, मावशीला निरोप गेला, आणि चाव्यांचा जुडगा टेबलावर टाकून सुपरवायझर एकेकाच्या तोंडाकडे बघत फाटकाबाहेर पडला.

मुकीनं लोकरीचा गुंडा उचलून बहिणीच्या ओंजळीत ठेवला.

"बोलत जा गं पोरी," बहीण म्हणाली. "दोन शब्दांनी काही जीव जात नाही."

मुकीनं मान हलवली.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. "आई, आज तरी मीटिंगमध्ये बोललीस का?"

आईनं चपला काढल्या, आतून कडी लावली, घसा खाकरला. पलीकडे शेजारणीनं हातातलं काम टाकलं आणि भिंतीला कान लावला.

"बोलले की, राजे!" आतून घोगरा पुरुषी आवाज आला, आणि लेक खळखळून हसली.