कोरडं तळं

ऋता पर्यावरण सल्लागार होती. तळ्याच्या जागेवरच्या टाउनशिपच्या परवानगीसाठी बिल्डर हंबीररावांना तिचा अहवाल हवा होता. भर उन्हाळ्यात ते तिला काठावर घेऊन आले. "कुठं हाय पाणी? पाणथळ न्हाय असं लिवा. पुढची सगळी कामं तुम्हालाच," ते म्हणाले. वरून माती खरंच भेगाळलेली होती. ऋतानं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि सरळ आत चालत गेली. मधोमध माती खचली आणि ती गुडघाभर गार चिखलात उतरली. लव्हाळ्यातून पाणकोंबड्या ओरडत उडाल्या. "मॅडम, बाहेर या!" हंबीरराव ओरडले. "तुम्हीच इथं या," ती म्हणाली. "इथं उभं राहून पाणी नाही म्हणा, लगेच लिहिते." त्यांचा बूट कडेलाच रुतला, तसे ते मागे सरकले. "दुसरा सल्लागार बघतो मी!" "बघा की! परवानगीच्या जनसुनावणीला मी येणार, याच पायांनी."