पुन्हा पहिल्यापासून

"सात आठे किती?" निमकर बाईंनी विचारलं.

कौमुदी उभी राहून पुटपुटू लागली, "सात एके सात, सात दुणे चौदा..."

"अगं, पुन्हा पहिल्यापासून? वर्षभर घसा फोडतेय, मधलं विचारलं की मधलंच सांगा! ढ गं तू, अगदी ढ!"

त्या ओरडण्यानं पाढा तुटला. कौमुदीनं पुन्हा 'सात एके' धरलं. बाईंनी कपाळावर हात मारला, गणिताचं पुस्तक मिटलं आणि मराठीचा धडा काढला.

धड्यात 'थोतांड' आलं. अर्थ कुणालाच येईना. बाईंनी तणतणत शब्दकोश उघडला, तर नेमकं 'ढ'चं पान. आता 'थ' पुढे की मागे?

"क, ख, ग, घ..." बाई पुटपुटू लागल्या.

कौमुदीचा चेहरा उजळला. "बाई, तुम्हीपण पहिल्यापासून?"