काकांचा मंगळवार

"मंगळवार," काका म्हणाले, आणि काकूने उठून खिडकी लावली.

वार शुक्रवार होता. पुतणीने टेबलावर ठेवलेल्या आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं. कॉलेजात ती माणसांच्या संवादाचा अभ्यास करत होती. सरांनी सांगितलं होतं, घरातलं कुठलंही साधं बोलणं घ्या, त्यातले शब्द बाजूला काढा आणि काय उरतं ते ऐका. तिने काका-काकूंचं घर निवडलं. इथे शब्द बाजूला काढायचे कष्टच नव्हते. काकांना झटका आला त्यात उजवा हात लुळा पडला आणि सगळी भाषा पुसली गेली. एक शब्द तेवढा वाचला. तोच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांना कळतं सगळं, डॉक्टर म्हणाले होते, पण तोंडातून येईल ते एवढंच.

काकूने गोळी पुढे केली. काकांनी मान फिरवली.

"मंगळवार! मंगळवार, मंगळवार!"

"आवाज चढवू नका. कडू आहे ते मलाही माहीत आहे."

गोळी गिळून काका पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत पुटपुटले, "मंगळवार."

"ऐकलं हं मी! माझ्या आईला मध्ये आणायचं काम नाही."

पुतणीला हसू आवरेना. काकाही हसायला लागले. हसताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, पण डोळे पूर्वीसारखेच मिश्कील होते.

"काकू, तुला कसं गं कळतं?"

"त्यात काय कळायचंय? आधी तरी दुसरं काय बोलायचे? शब्द तेवढे वेगळे असायचे."

एवढं बोलून काकू पिशवी घेऊन खाली औषधाच्या दुकानात गेली. पुतणी काकांकडे बघत राहिली. वर्गात तिने आवाजाचे चढउतार, थांबे, नजर हे सगळं पाठ केलं होतं. इथे ते श्वास घेत समोर बसलं होतं.

तेवढ्यात टेबलावर विसरलेला काकूचा फोन वाजला. चुलतभावाचा, म्हणजे काकांच्या मुलाचा होता.

काकांनी कान टवकारले. हा फोन आला की काकू तो घेऊन गॅलरीत जायची आणि दार लोटून घ्यायची. काकांचा फर्निचरचा कारखाना होता. मुलाने तो पुढे चालवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलाला नाटकांच्या प्रकाशयोजनेचं वेड. तो बॅग घेऊन निघाला तेव्हा काका दारात उभे राहून म्हणाले होते, "गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो गेला. नंतर बापलेकांत बोलणं झालं नाही. मग झटका आला, आणि ते वाक्य मागे घ्यायला काकांकडे भाषाच उरली नाही.

"तू? आई कुठाय?" पुतणीने फोन उचलताच तिचा आवाज ऐकून भावाने विचारलं.

"खाली गेलीये. दादा, काका इथेच आहेत. बोल ना त्यांच्याशी."

"काय बोलू? त्यांना बोलता येत नाही. येत होतं तेव्हा जे बोलायचं ते बोलून झालंय."

काकांनी डावा हात पुढे केला. तिने स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. आपण शेजारी बसू, ते काय म्हणतात ते दादाला समजावून सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

काका बोलायला लागले. आधी घाईघाईने, शब्दावर शब्द आदळत. मग आवाज खाली आला. मंगळवार, मंगळवार. मध्ये एकदा तो फुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. बंद दारावर कुणी हळूहळू हात फिरवावा, तसं ते बोलत होते. वर्षानुवर्षं साचलेलं सगळं त्या एका शब्दातून वाट काढत होतं आणि शब्दात जागा कमी पडत नव्हती.

ते थांबले. फोन कट झाला की काय, म्हणून तिने वाकून पाहिलं. चालू होता.

"दादा, ते म्हणतायत की..." तिने सुरुवात केली.

काकांनी मान हलवून तिला गप्प केलं. फोन तोंडाजवळ नेला. या वेळी ते एकदाच बोलले. अगदी हळू. शेवटाकडे आवाज जरासा वर गेला.

"मंगळवार?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग भाऊ बोलला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"हो बाबा. जेवलो. आत्ताच जेवलो."