गेटवरचा पिंपळ

अंबरनाथची आमची कंपनी बंद पडली तेव्हा गेटच्या खांबातून पिंपळ फुटला होता. धरण्याला बसलेला मी रोज त्याला बाटलीतलं पाणी घालायचो. "हा सिमेंटात जगतोय, आपण कशाला मरतोय?" सगळ्यांना सांगायचो. तीन वर्षांनी नव्या मालकाने टाळं काढलं, आम्हाला मात्र घेतलं नाही. परवा त्याचा ठेकेदार घरी आला. "शिवराम, खांब तडकलाय. पिंपळ तोडायला माझी माणसं घाबरतात, पाप लागतं म्हणे. तुम्ही बौद्ध लोक, तुम्हाला काय त्याचं!" त्याच्या डोक्यावरच तसबीर होती, पिंपळाखाली बसलेल्या बुद्धांची. डब्यात पीठ नव्हतं. कोयत्याने झाड छाटलं, मूळ तेवढं राखलं. ऐकून बायकोचे डोळे भरले. "बरं केलंत, जीव ठेवलात त्याचा." "जीव कसला," मी म्हणालो, "पावसाळ्यात पुन्हा फुटेल, पुन्हा एका दिवसाचं काम निघेल."