रविवारची बारा मिनिटं

"वही आणलीत ना, ताई?" बॉनेट उघडता उघडता मेकॅनिकने विचारलं.

तिने पर्समधून छोटी वही काढून दिली. तीन महिन्यांपूर्वी त्यानेच सांगितलं होतं, गाडी कुठे उभी केली, किती वेळ केली आणि नंतर सुरू झाली की नाही, एवढं लिहीत जा. दुसरा इलाजच उरला नव्हता. डॉक्टरसमोर बसलं की दुखणं पळून जातं, तशी ही गाडी गॅरेजमध्ये आली की शहाण्यासारखी पहिल्या चावीला सुरू व्हायची. त्याने बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला. तिने दोन्ही वेळा मुकाट्याने पैसे दिले, आणि दोन्ही वेळा पुढच्याच रविवारी गाडी अडून बसली.

आता महिनाभर मात्र गाडी एकदाही अडली नव्हती. तरी ती आली होती, कारण गाडी का अडायची ते कळल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. दोष गाडीचा आहे, एवढं तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

मेकॅनिकने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. तेलकट बोट पानाला लागू नये म्हणून तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ओळी वाचू लागला.

"घर, रात्रभर, सुरू. ऑफिस, नऊ तास, सुरू. पेट्रोल पंप, दोन मिनिटं, सुरू. बा., बारा मिनिटं, बंद." त्याने पान उलटलं. "बा., पंधरा मिनिटं, बंद. बा., दहा मिनिटं, बंद. बा., बारा मिनिटं... हे 'बा.' कुठे आलं?"

"बाबांकडे. दर रविवारी."

"मग सापडलं," तो म्हणाला. "इंजिनाला चिकटून एक सेन्सर असतो. गाडी पळते तोवर त्याला वारा लागतो. बंद केली की सगळी धग त्याच्यावर चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत तो झोपतो. तासाभराने निवला की आपणहून जागा होतो. तुम्ही एक तर दोन मिनिटं थांबता, नाहीतर दिवसभर. मधलं थांबणं तेवढं वडिलांकडेच. बॅटरी काय, स्टार्टर काय, साप साप म्हणून भुई धोपटली मी."

ती रस्त्याकडे बघत राहिली. लिहिताना ती मिनिटं इतकी कमी वाटली नव्हती.

"आणि हे बघा. बा., एक तास चाळीस मिनिटं, सुरू. एवढा एकच रविवार. त्या दिवशी कशा काय थांबलात?"

"झोप लागली होती."

सोफ्यावर जरा टेकली आणि डोळा लागला. बाबांनी तिचा फोन आतल्या खोलीत नेऊन ठेवला, पडदा ओढला आणि आवाज नको म्हणून पेपरचं पानही न उलटता ते समोर बसून राहिले. जाग आल्यावर ती त्यांच्यावरच कडाडली, उठवलं का नाही म्हणून. "लहानपणी घोरायचीस तशी घोरत होतीस गं," ते म्हणाले. "उठवावंसं वाटलं नाही." खाली गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि ती वर न बघता निघून गेली.

बाकीच्या रविवारी गाडी अडली की ते तीन जिने उतरून यायचे. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बॉनेटमध्ये डोकावून म्हणायचे, "तापलीय बिचारी. बसू दे तिला तासभर. तूही चल वर, नेहमी घोड्यावर बसून येतेस." ती टॅक्सी करून निघून जायची. संध्याकाळी येऊन खालच्या खाली गाडी न्यायची, तेव्हा ते गॅलरीतून हात हलवायचे. गाडीच्या दुखण्याचं निदान त्यांनी पहिल्याच रविवारी बरोबर केलं होतं. तिला वाटलं होतं, बाबा बसवून घ्यायला निमित्त शोधतायत.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मेकॅनिक म्हणाला. "तुम्हाला येऊन पंधरा मिनिटं झाली. फिरवा चावी."

तिने फिरवली. इंजिन घरघरलं, पुन्हा घरघरलं, पण पेट घेईना. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी पहिल्यांदाच अडली होती आणि तो हरखून गेला.

"नवीन सेन्सर साडेचार हजारांना पडेल. नाहीतर फुकटचा उपाय सांगू? रविवारी वडिलांकडे चांगलं तास-दीड तास बसा. गाडीही खूश, वडीलही खूश."

"ते गेले," ती म्हणाली. "महिना झाला."

त्याने वही मिटली, हात पुसले आणि वही तिला परत दिली. तिचे पैसे वाचावेत म्हणूनच तो म्हणाला, "मग कशाला खर्च करता, ताई? नुसतं घर आणि ऑफिस असेल, तर आता ही गाडी कुठेच अडायची नाही."

उघड्या बॉनेटमधून धग अजून अंगावर येत होती.

"आत्ता मात्र निवायला तासभर लागेल," तो म्हणाला. "टॅक्सी बोलावू का? गाडी संध्याकाळी न्या."

तिने कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं, गाडीशेजारी ठेवलं आणि त्यावर बसली.

"नको," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."